रोजाने खोली देताना

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर लोकांना सल्ला द्यायला बसलो, याबद्दल माफ करावं. सांगायचं एवढंच, की रोजाने खोली देताना कशासाठी आलात हे पाहुण्यांना आधी सरळ विचारावं.

इंदिरानगरला मामांच्या वरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना दिल्या जात. शिकायला तिथं राहत असल्याने किल्ल्या मी सांभाळायचो. एकदा एक जोडपं आलं. ते ना पंचवटीला गेलं, ना त्र्यंबकला. खिडकीतून सारखं शेजारच्या बंगल्याकडे बघायचं. चहा द्यायला गेलो की मला विचारायचं, "तिथं माणसं किती? उशिरा कोण येतं?"

मामी म्हणाली, "चोरच दिसतायत. काहीतरी सांगून घाबरव त्यांना."

मी चाचरत पाहुण्यांना सांगितलं, "शेजारच्यांचे एक काका पोलिसात आहेत. रोज येतात."

दुसऱ्याच दिवशी दोघं निघून गेली. आम्हाला हायसं वाटलं.

महिन्याभराने शेजारच्या काकू आल्या. "मुलीचं जमत आलं होतं रे. मुलाचे आईवडील इथंच कुठंतरी राहून चौकशी करून गेले. आता म्हणतात, पोलिसातल्या काकांबद्दल बोलला नाहीत, अजून काय काय लपवलंय? आमच्यात पोलिसात आहे तरी कोण?"