माझा पहिला फ्लेक्स

आमच्या पारनेर तालुक्यात कुणाचं काही चांगलं झालं, की आधी फ्लेक्स लागतो, मग पेढे. कुणी पोलीस भरतीत निघालं, कुणाचा बैल शर्यतीत पहिला आला, कुणी नुसताच चाळीस वर्षांचा झाला, तरी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स हवाच. हे सगळे फ्लेक्स मी छापतो. बारा वर्षं झाली. ज्यांच्याकडे बघून कुत्रंसुद्धा शेपूट हलवत नाही, अशा माणसांच्या फोटोंखाली 'तरुणांचे प्रेरणास्थान' हे मी स्वतःच्या हाताने टाइप केलंय. माझा स्वतःचा फ्लेक्स मात्र कधी लागला नव्हता, कारण लागावं असं मी काही केलंच नव्हतं.

गेल्या वर्षी मी पुण्याला गेलो. घरी सांगितलं, मशीनची शाई आणायची आहे. खरं म्हणजे तिथे प्राइडची मिरवणूक होती. माझ्यासारखे, म्हणजे पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका आणि आणखी कितीतरी जण, ढोल वाजवत भर रस्त्याने चालतात. मला वाटलं होतं, आपण फुटपाथवरून बघू आणि शाई घेऊन परत येऊ. पण पुढे नऊवारीतल्या एक साठीच्या बाई आपल्या मुलाचा हात धरून चालल्या होत्या, अगदी बाजाराला निघाल्यासारख्या. मला त्यांच्या मुलाचा इतका हेवा वाटला, की मी रस्त्यावर उतरलोच. कुणीतरी हातात सप्तरंगी झेंडा दिला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी आजूबाजूला कोण बघतंय हे न बघता दोन तास चाललो, नाचलो, आणि शाई आणायची विसरलो.

तिथे कुणीतरी काढलेला माझा फोटो मोबाईलवरून फिरत फिरत गावात पोहोचला. फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं. दोन दिवसांनी दुकान उघडायला आलो, तर स्टँडसमोर पंधरा फुटी मी! हातात झेंडा, डोक्यामागे सूर्याची किरणं, आणि खाली: 'विविध मागण्यांसाठी पुणे येथे निघालेल्या सर्वपक्षीय मोर्चात तालुक्याचा आवाज बुलंद केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' माझ्या शाळेपासूनच्या मित्राने तो नगरला जाऊन गुपचूप छापून आणला होता. फोटोचं कटिंग इतकं भिकार, की माझा एक कान गायब होता.

"सर्वपक्षीय कुठून काढलंस?" मी विचारलं.

"झेंड्यात भगवा हाय, निळा हाय, हिरवा हाय, पिवळा हाय," तो म्हणाला. "एवढे रंग एका झेंड्यात कवा येत्यात? म्हणलं, पाण्याचा मोर्चा असंल. पक्कं म्हाईत नव्हतं, म्हणून विविध मागण्या."

मी पोट धरून हसलो. पण हसता हसता आई दिसली. नवं लुगडं नेसून ती फ्लेक्सखाली उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "माझं पोरगं हाय." वडील गेल्यापासून तिला एवढं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मला बघून तिने विचारलं, "कशाचा मोर्चा व्हता रं?"

पाण्याचा, एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. तीन दिवसांनी फ्लेक्स उतरला असता, विषय संपला असता, आणि ती जन्मभर भलत्याच मुलाचा अभिमान बाळगत राहिली असती. ते मला सहन होईना. मी तिला दुकानात नेलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मोर्चा कुणाचा होता, मी त्यातलाच कसा, दर दिवाळीला मुलगी बघायला का नाही म्हणतो, सगळं.

तिने पाण्याचा पेला छपाईच्या मशीनवर ठेवला.

"म्हंजी सून न्हाई यायची?"

"न्हाई, आई."

"बरं. धार काढायची राहिलीय," असं म्हणून ती उठून गेली.

मित्रालाही त्याच दुपारी सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. "मंग सर्वपक्षीय नव्हता?"

"तसा व्हता."

"उतरवू का?"

"तुझा फ्लेक्स. तू ठरव."

"तीन दिवसांचं ठरलंय, तीन दिवस ऱ्हाईल," तो म्हणाला आणि दोन चहा सांगितले. मला तिथेच त्याला मिठी मारावीशी वाटली, पण गरम चहा सांडला असता.

आई मात्र तीन दिवस कामापुरतंच बोलली. ताट वाढायची, भाकरी नेहमीपेक्षा एक जास्त असायची, पण नजर चुलीकडे. मी घरातून निघताना मुद्दाम चप्पल वाजवायचो, ती "लवकर ये" म्हणेल म्हणून. म्हणाली नाही.

चौथ्या दिवशी मित्राने फ्लेक्स उतरवून घरी आणून टाकला. आभाळ भरून आलं होतं आणि गुरांच्या कडब्याची रचलेली गंज उघडी होती. आई म्हणाली, "आण तो हिकडं." आम्ही दोघं तो गंजीवर पसरू लागलो. आमच्याकडे असा फ्लेक्स नेहमी छापलेली बाजू आत करून टाकतात. मी तसाच पालथा करायला लागलो.

"पालथा कशापाय?" ती म्हणाली.

"रस्त्यावरनं लोकांना दिसंल, आई."

"दिसू दे की. तू काय कुणाच्या रानातलं चोरून आणलंस?"

आम्ही तो सुलटा केला. मी कडेने दगड ठेवत गेलो. घाईत एक दगड माझ्या चेहऱ्यावर ठेवला गेला. आईने हात लांब करून तो बाजूला सरकवला आणि पदराने तिथली माती पुसली.