उस्तादाची सॅक

तोंडावर सगळे त्याला उस्ताद म्हणत आणि पाठीमागे काटा. बराकीच्या दारावरच्या तुळईला त्याने एक ताणकाटा टांगला होता. गस्तीवर निघणाऱ्या प्रत्येक जवानाची सॅक त्या आकड्याला लटकल्याशिवाय फाटकाबाहेर जात नसे. वजन पंचवीस किलो, कमी नाही की जास्त नाही. जास्त नेणारा वाटेत बसतो आणि कमी नेणारा दुसऱ्याचं पाणी पितो, हे तो बावीस वर्षं सांगत आला होता, आणि सांगताना समोरच्याची लाज काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्या सकाळी उस्तादासह सातजण डोंगरातल्या चार दिवसांच्या गस्तीला निघत होते. नव्या साहेबांनी दुकानातून भारीतलं जाकीट आणलं होतं, पुढे चौदा खिसे असलेलं. उस्तादाने त्यांना पालथं पडायला सांगितलं. साहेब त्या खिशांच्या ढिगावर डोलत राहिले, डोकं जमिनीपासून चांगलं वीतभर वर. शत्रूला एवढं डोकं पुरतं, असं सुनावून त्याने पुढचे खिसे कमरेला बांधायला लावले. मग मलमपट्टीच्या पाकिटावरचं प्लास्टिक फाडून फेकलं. रक्ताळलेल्या बोटांनी ते फाटत नाही, एवढंही या शहाण्यांना सुचू नये याचा त्याला वैताग होता.

सुरुंगवाल्याच्या सॅकमधून फुगवायची उशी निघाली. मग काय, आयतंच सापडलं. झोपायला चाललायस का, सोबत पाळणाही आणायचा होतास, असं म्हणत त्याने ती सगळ्यांना दाखवली आणि बाकावर भिरकावली. वाटेतले सुरुंग काढणारा हा माणूस चाळिशीतला, दोन मुलींचा बाप. त्याचं नाव तिथल्या तिथे उशीवाला पडलं.

एवढा रुबाब करणाऱ्याचा स्वतःचा उजवा गुडघा मात्र कामातून गेला होता. हिवाळ्यापासून घरचा जिना तो कठडा धरून आडवा चढत होता, आणि बायकोशिवाय कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरला दाखवलं तर गस्त कायमची बंद, मग कोठारात बुटांच्या जोड्या लावत बसायचं. कोठारातल्या माणसांना तो आजवर झुरळं म्हणत आला होता. म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने आपल्या सॅकमधलं पाणी आणि बिनतारी संचाची जादा बॅटरी काढून बराकीतल्या कपाटात लपवली होती. काट्याचीच सॅक काट्यावर कोण चढवणार?

"उस्ताद, तुमची राहिली," बिनतारीवाली म्हणाली.

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. चौथ्या दिवशी तिचा संच त्याच्याकडच्या बॅटरीवर चालणार होता, म्हणून तिला खात्री हवी होती. त्याने हसण्यावारी नेलं. तोवर तिने सॅक उचलली, आणि ती एका हाताने उचलली गेली तेव्हाच तिचा चेहरा बदलला. टांगल्यावर काटा नऊवर थांबला.

साहेबांनी सॅक उघडली. वर दोन कपडे आणि चार दिवसांचा शिधा, आणि खाली, सॅक भरलेली दिसावी म्हणून कोंबलेली पलंगावरची उशी. अभ्र्यावर बायकोने भरलेली निळी फुलं होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सॅका उपसणाऱ्याची आज स्वतःची लायकी निघाली होती.

"गुडघा गेलाय," तो शेवटी म्हणाला.

साहेब म्हणाले, वजन आम्ही वाटून घेतो, तुम्ही नुसते चला. ती दया, आणि तीही चौदा खिशांच्या माणसाची, त्याला सहन झाली नाही.

"नाही. खोटं वजन फाटकाबाहेर जात नाही."

नियम त्याचाच होता. त्याने कपाटातून पाणी आणि बॅटरी आणून बाकावर ठेवली. सगळ्यात आधी सुरुंगवाला पुढे आला. त्याने बॅटरी स्वतःच्या सॅकमध्ये घातली, वरच्या बाजूला, पाठीलगत, उस्तादाने शिकवलं होतं तशी. उस्तादाने ती सॅक पुन्हा टांगली. सत्तावीस भरली. दुसरी टॉर्च आणि जादा बूट काढ, असं तो म्हणाला, पण आवाजाला नेहमीची धार नव्हती.

दुपारी तो उशी काखेत मारून जिना आडवा चढला. बायकोने दार उघडलं, उशी घेतली आणि झटकली.

"तुमच्या वाटचं कुणी उचललं?"

"उशीवाल्याने."

तिने हातातल्या उशीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"सुरुंगवाल्याने," तो म्हणाला.