अम्माच्या खिडकीतला फायटर

दिवाळी झाल्यावर धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना त्याचा मासा आईच्या हवाली करून गेला. दुकानात त्या जातीला फायटर म्हणतात. बोटाएवढा, निळ्या अंगाचा, लालसर परांचा. काचेच्या बरणीत एकटाच ठेवायचा, कारण दोन नर एकत्र आले की एकमेकांचे पर फाडतात.

मी त्या माशाच्या विरोधात होते आणि तसं भावाला तोंडावर सांगितलंही होतं. जिवंत प्राण्याला शोभेसाठी बरणीत कोंडून ठेवायचं आणि वर त्याला आवड म्हणायचं, हे मला पटत नव्हतं. भाऊ म्हणायचा, "ताई, यावर पण एक पत्रक काढ." आमच्या घरात पत्रकांचा तोटा कधीच नव्हता. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये होते. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघांनी पाढे लिहिले. मागची छापील बाजू वाचत वाचत मी वाचायला शिकले. वडील गेल्यावर पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. कुणी दिलं नाही, मीच घेतलं.

आईला आम्ही अम्मा म्हणतो. आमचं घर पद्मशाली विणकरांचं, घरात तेलुगू. इथं तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. ती घरी बसून बिड्या वळते. सकाळी सूप मांडीवर घेतलं की संध्याकाळपर्यंत हजार होतात. मासा भावाच्या खोलीतल्या टेबलावर होता. भाऊ गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं बरणी उचलून बाहेरच्या खोलीच्या खिडकीत, ती बसते तिच्या बरोबर डोक्याशी ठेवली. म्हणाली, "आत एकटा काय करेल?" ती त्याला नुसतं चेपा म्हणायची. तेलुगूत चेपा म्हणजे मासा. बिडीला दोरा गुंडाळता गुंडाळता त्याच्याशी बोलायची, गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते सांगायची. भावाच्या जागी तो आला होता हे मला दिसत होतं. मग मी विरोध गुंडाळून ठेवला.

डिसेंबरच्या मध्यावर मासा खायचा बंद झाला. दाणा वर तरंगायचा आणि तो तळाशी पडून राहायचा. पर मिटून अंगाला चिकटलेले, निळा रंग राखाडीकडे वळलेला, कल्ले भराभर हलत होते. शेपटीची कड झिजल्यासारखी झाली होती. अम्मानं पाणी बदललं. तरी तसाच. भाऊ फोनवर एकदा बोलला होता की कधीकधी पाण्यात बदामाचं वाळकं पान टाकतो, माशाला बरं असतं. बदामाचं पान घरात नव्हतं. अम्मानं टोपलीतलं तेंदूचं एक चांगलं पान निवडलं, बिडीला कापतात तसं कात्रीनं चौकोनी कापलं आणि बरणीत सोडलं. दोन दिवसांनी मासा एका कुशीवर झुकला.

भाऊ दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि पहिला प्रश्न माशाचा असायचा. त्या रविवारी अम्मानं फोन छताकडे धरला.

"झोपलाय तो," ती म्हणाली.

"संध्याकाळी सहाला?"

"थंडी आहे इथं. तुझ्या पुण्यात नाही का?"

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "पोरानं एक गोष्ट सांभाळायला दिली होती. ती पण मेली तर मी त्याला काय तोंड दाखवू?" आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

मला दोषी कोण ते लगेच कळलं होतं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आलं की पिंपं भरून ठेवायची. त्या महिन्यात गल्लीत कुठंतरी पाइप दुरुस्त झाला होता आणि त्यानंतरच्या पाण्याला औषधाचा उग्र वास होता. मासा गेलं वर्षभर धडधाकट होता, वासाचं पाणी आलं आणि आजारी पडला. मला एवढं पुरेसं होतं. मी अर्ज लिहिला. दोन पानं झाली. पाण्याच्या प्रश्नावर इतकी वर्षं आम्ही काय काय मागितलं, ते सगळं त्यात आलं. एका बाटलीत पाण्याचा नमुना घेतला आणि महापालिकेच्या झोन ऑफिसला गेले.

तिथल्या कारकुनानं अर्ज शेवटपर्यंत वाचला. असं सहसा होत नाही, म्हणून मला बरं वाटलं.

"मॅडम, 'घरातील एक सदस्य गंभीर आजारी' असं लिहिलंय. दवाखान्याचा कागद जोडला नाही."

"दवाखान्यात नेलं नाही."

"वय काय सदस्याचं?"

मी नमुन्याची बाटली टेबलावर ठेवली.

"लहान मूल आहे का?"

"मासा आहे," मी म्हणाले.

त्यानं पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई तोंड फिरवून हसल्या. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "गल्लीत माणसं कोण आजारी पडलीत का? उलट्या, जुलाब?"

"नाही."

"पिंपात पाणी किती दिवस राहतं?"

"दोन-तीन."

"मग वास उडून जातो की. तुमचा अर्ज मी घेतो, शिक्का मारतो. पण घरात दुसरं काय झालंय का बघा. लई लांबचं शोधायला जाऊ नका."

अपमान झाल्यासारखं वाटून मी बाहेर पडले. अर्जावर शिक्का मिळाला होता, म्हणजे कायद्यानं मी जिंकले होते. मासा मात्र घरी कुशीवर पडलेला होता. त्याला पाच दिवस झाले होते आणि त्यातले तीन मी अर्जात घालवले होते.

भावानं मासा घेतला होता त्या दुकानात तिथूनच गेले. दुकानदार उतारवयाचे, आमच्या शहरातली दख्खनी आणि मराठी मिसळून बोलणारे. मी फोनवरचा फोटो दाखवला, बाटली पुढे केली. त्यांनी फोटो मोठा केला.

"ये पान कौनसा? बदामाचं नाही."

"तेंदूचं आहे."

"कात्रीनं कापलंय. बिडीचं पान?"

"हो."

त्यांनी बाटलीचं झाकण काढून वास घेतला. हे पाणी नळाचं होतं, बरणीतलं नव्हतं, त्यामुळे त्यात त्यांना काही सापडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?"

"कोणी ओढत नाही. आई वळते."

"बरणी कुठं असते?"

"ती बसते तिथंच. डोक्याशी."

"झाकण?"

"नाही."

"दाणा कोण टाकतं?"

अम्मा सुपातल्या तंबाखूतला हात तसाच उचलून चिमटीनं दाणा टाकायची, हे मी रोज पाहत होते. पाणी बदलताना बरणी आतून हातानंच घासायची. भाऊ होता तोवर मासा आतल्या खोलीत होता आणि दाणा तो टाकायचा. म्हणजे माझ्याच डोळ्यांसमोर दोन्ही गोष्टी बदलल्या होत्या.

"तंबाखू माशाला जहर असतं, बेटा," ते म्हणाले. "पाण्यात उतरतं. आता औषध देत नाही मी. पयले पाणी साफ करा. सगळं एकदम नको, रोज अर्धं अर्धं बदला. शिळं पाणी घ्या, घरातल्या हवेइतकं कोमट. थोडं खडेमीठ. आणि पान पाहिजे तर खरं बदामाचं आणा, ते झाडाखाली फुकट पडलेलं असतं."

परत येताना रिक्षात मी अम्माला काय सांगायचं ते जुळवत होते. तंबाखूच्या धुळीवर मी दोन पत्रकं लिहिली होती. बिडी कामगार बायांची छाती, त्यांचा खोकला, त्यांच्या मांडीवर झोपणारी पोरं. त्या पत्रकांत दोषी कारखानदार होता आणि त्यात चूक काही नाही, तो आहेच. पण आता जे वाक्य बोलायचं होतं त्यात कारखानदाराला जागा नव्हती. त्यात अम्माची बोटं होती. न सांगता गुपचूप बरणी आत नेता आली असती. थंडीचं कारण पुरलं असतं. पण मग ती आत जाऊन दाणा टाकत राहिली असती. आणि खरं बोला म्हणून दुनियेला सांगत फिरायचं आणि घरात थंडीचं कारण द्यायचं, हे मला जमलं नसतं.

मी चप्पल काढायच्या आत सांगितलं. "अम्मा, तुझ्या हाताची तंबाखू पाण्यात जाते. त्यानं तो आजारी पडलाय. ते पानही काढ."

तिनं हातातली बिडी पूर्ण केली. टोकं मुडपली, दोरा तोडला, जुडीत ठेवली.

"कोण म्हणालं?"

"दुकानदार."

"त्याला बिडीतलं काय कळतं?"

"माशातलं कळतं."

तिनं हात पुढे करून तळवे उताणे केले. बोटांची टोकं कायमची पिवळसर तपकिरी, मला तो त्यांचा मूळचाच रंग वाटत आला होता.

"याच हातांनी तुम्हा दोघांना भरवलं," ती म्हणाली. "तुम्ही नाही मेलात."

दोन पत्रकं लिहिताना मी शेजारणींच्या पोरांचा विचार केला होता. माझ्या ताटातला घास कुठून आला हे मनात आलं नव्हतं.

ती उठली, मोरीत गेली. साबणानं हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग चिंच घेऊन पुन्हा घासले, तांब्याची भांडी घासतात तसे. बाहेर येऊन म्हणाली, "तू कर त्याचं सगळं. मी हात लावत नाही."

बरणी मी आत नेली. रोज अर्धं पाणी काढायचं, तेवढंच शिळं पाणी हळू ओतायचं. जवळच्या शाळेच्या मैदानात बदामाचं झाड आहे. तिथली चार वाळकी पानं आणून धुतली आणि एकेक टाकलं. पाणी चहासारखं तांबूस झालं. अम्मा दारात उभी राहून बघायची, आत यायची नाही. "हलला का?" एवढंच विचारायची. बाहेरच्या खोलीतली धूळ आत येते म्हणून तिनं सूप उचललं आणि ओट्यावर उन्हात बसायला लागली. समोरची मावशी म्हणाली, "काय गं, घर भाड्यानं दिलंस की काय?" अम्मा म्हणाली, "चेपाला धूळ सोसत नाही. बरा झाला की जाईन आत." माझ्या पत्रकात मोकळ्या हवेत बसावं असं ठळक अक्षरांत छापलं होतं. ते तिनं वाचलं होतं, मला चुका काढून दाखवल्या होत्या आणि जागची हलली नव्हती. मला राग आला. दोन दिवस तो राग होता, मग पाणी बदलण्याच्या कामात तो मागे पडला.

चौथ्या दिवशी मासा सरळ झाला. सहाव्या दिवशी वर येऊन हवा घेऊन गेला. दाण्याकडे मात्र बघेना. शेपटीची झिजलेली कड तशीच होती. दुकानदार म्हणाले होते, जीव वाचला तर पर वाढतील, पहिल्यासारखे वाढतीलच असं नाही.

रविवारी भावाचा फोन आला. मी सगळं नीट समजावून सांगायची तयारी केली होती. नळाचं पाणी, थंडी, बरणीची जागा, असा क्रम लावला होता. अम्मानं फोन माझ्या हातातून घेतला.

"मीच त्याला आजारी पाडलं," ती म्हणाली. "माझ्या हाताची तंबाखू. तुझ्या बहिणीनं वाचवला."

भाऊ म्हणाला, "अम्मा, तू जेवायच्या आधी साबणानं हात धुतेस का?"

"माशाचं विचारतोस की माझं?"

"तुझं."

"धुते."

ती खोटं बोलत होती आणि ते आम्हा तिघांना माहीत होतं. नुसत्या पाण्याखाली बोटं धरून ताटावर बसायची ती.

"दाखव तरी त्याला," भाऊ म्हणाला.

अम्मा आधी मोरीत गेली, साबणानं हात धुतले, पुसले. मग आत येऊन चमच्याच्या टोकावर एक दाणा घेतला आणि पाण्याला टेकवला. मासा वर आला. दाणा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला आणि या वेळी गिळला.

"खाल्लं," ती म्हणाली. भावाचं बोलणं चालूच होतं, पण तिनं फोन माझ्याकडे दिला. बरणी दोन्ही हातांनी उचलून पुन्हा बाहेरच्या खिडकीत ठेवली, बरणीच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधलं आणि खिडकीची काच ओढून घेतली. मला वाटलं, आता सूप घेऊन खाली तिच्या जागेवर बसेल. मासा बरा झाला होता. तिनं सूप उचललं, उंबरा ओलांडला आणि ओट्यावर काचेच्या पलीकडे जाऊन बसली. आणखी दोनशे बिड्या व्हायच्या होत्या.