हरमलच्या घराला दोष नव्हता

आधी एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. हरमलला माझ्या मेव्हणीचं घर आहे. त्या घराला कसलाही दोष नव्हता. त्यांच्या पश्चिमेच्या दारात काही वाईट नव्हतं. ते दार चिऱ्यांनी बुजवलं गेलं ते माझ्या एका खोट्यामुळे. आमच्या दोन्ही घरांतल्या मुलांना ही हकीकत वेगळी माहीत आहे आणि नातवंडांनाही तीच सांगितली जाते. म्हणून खरी लिहितो.

गोवा घटक राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी पाळीच्या बाजूला एका खाणीवर हजेरी कारकून होतो. घर मयेला. त्या वर्षी डिसेंबरातला मुक्तिदिन सोमवारी आला. शनिवारची एक रजा टाकली तर तीन दिवस सलग मिळत होते. हे पहिल्यांदा बायकोच्या ध्यानात आलं, तेही चतुर्थीच्या आधी, भिंतीवरचं कॅलेंडर उलटताना. तिने पेन्सिलीने त्या तीन चौकोनांभोवती रेघ ओढली आणि मला म्हणाली, हे माझे.

तिला समुद्रावर राहायचं होतं. मयेहून समुद्र काही लांब नाही, पण समुद्र बघून संध्याकाळच्या बसने परत येणं वेगळं आणि रात्री त्याचा आवाज ऐकत झोपणं वेगळं. ते तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. लांबलांबचे गोरे विमानाने येऊन हरमलच्या वाळूत महिना महिना पडून असायचे, आणि तिची सख्खी थोरली बहीण तिथे नांदत असून आम्ही एकदाही वस्तीला गेलो नव्हतो. गोऱ्यांचा बघून झाला असेल तर आता आम्ही बघतो, असं ती शेजारणींना सांगत सुटली.

पुढचे तीन महिने घरात हाच विषय. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर तिने प्रवास लिहून काढला होता: मये ते डिचोली, डिचोली ते म्हापसा, म्हापसा ते शिवोली, मग फेरीबोटीतून चोपडे, तिथून हरमलची बस. कुठली बस चुकली तर पुढची कधी, हेही कडेला होतं. न्यायच्या वस्तूंची यादी वेगळी. पोहे, अळसांदे म्हणजे आमच्याकडची मोठी चवळी, सुरणाचा मोठा कांदा, बहिणीसाठी चोळीचा खण. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा आणि मुलगी पाचची. त्यांचे कपडे आठ दिवस आधीच पिशवीत गेले आणि त्यामुळे घालायला उरले नाहीत. माझ्या बरोबरीने बेळगावकडचा एक कारकून होता, त्याने माझा शनिवार सांभाळायचं कबूल केलं. सगळं जमून आलं होतं. फक्त मला जायचं नव्हतं.

कारण साडू. तो वीज खात्यात लाइनमन, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बोलायला तिखट. राजभाषेच्या आंदोलनात गोव्यात घराघरांत दोन तट पडले, तसे आमच्यातही पडले. मी मराठीवाला, तो कोंकणीवाला. त्या धामधुमीत माझ्या मेव्हण्याचं लग्न झालं. मांडवात जेवणं उरकल्यावर वाद निघाला. मराठी माझी मातृभाषा आहे, असं मी जरा आवाज चढवून बोललो. साडू पानाला चुना लावत होता. त्याने मान वर न करता जे म्हटलं ते त्याच्याच भाषेत लिहितो, मराठीत लिहिलं तर त्याला आवडायचं नाही.

"मराठी म्हजी मायभास म्हणटा, पूण न्हिदेंत बडबडटा तें सगळें कोंकणींत. विचारात म्हजे मेवणेक."

झोपेत मी कोंकणीत बडबडतो, हवं तर माझ्या बायकोला विचारा. सगळा मांडव हसला. मला लागलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे ते खरं होतं. दुसरं म्हणजे बायकोही हसली, पदर तोंडाला लावून, पण हसली. त्या दिवसापासून मी त्या माणसाशी कामापुरतं बोलत होतो, आणि आता त्याच्याच घरी तीन दिवस त्याचं मीठ खायचं होतं. बायकोला हे सांगणं मला कमीपणाचं वाटे. मला वाटत होतं, काहीतरी आडवं येईल. पण बायकोने योजनाच अशी केली होती की आडवं यायला जागा नव्हती.

राहता राहिला कौल. रात्रीची वस्ती घराबाहेर असली की देवाला विचारायचं, ही तिच्या माहेरची रीत. गुरव देवाच्या अंगावर पाण्यात भिजवून फुलाच्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही. तिला ते चार दिवस देवळात जाता येत नव्हतं, म्हणून गुरुवारी सकाळी मला पाठवलं.

मी डावीच्या आशेने गेलो होतो हे कबूल करतो. गुरवाचं गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं तोच उजवी कळी टपकन पडली. मी म्हटलं, परत एकदा बघूया का? गुरव माझ्याकडे बघत राहिला. देवानं दिल्यावर परत विचारायचं नसतं, तुम्हाला काय पाहिजे होतं, असं त्याने विचारलं. मी तीर्थ घेतलं आणि बाहेर पडलो.

घरी आलो तेव्हा ती अंगणात उभीच होती. मी म्हटलं, "डावी दिली."

दोनच शब्द. ती रुसेल, रडेल, निदान दुसऱ्या देवळात जाऊन या म्हणेल, असं मला वाटलं होतं. तिने नुसतं विचारलं, स्वच्छ पडली ना? मी हो म्हटलं. मग देवानं काहीतरी बघितलं असणार, असं म्हणून ती आत गेली आणि पिशवीतले मुलांचे कपडे काढून घड्या करून ठेवले. त्या रविवारी तिने पोह्यांचा डबा भरून आम्हाला मयेच्या तळ्यावर नेलं. मुलं पाण्यात पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, हेसुद्धा काय वाईट आहे? ती खरंच सुखात होती. मीही होतो, हे लिहायला लाज वाटते, पण होतो.

हरमलला मी खाणीच्या ऑफिसातून फोन केला होता. त्यांच्या घराजवळच्या दुकानात निरोप ठेवला: देवानं डावी दिली, येत नाही. तो निरोप शनिवारी संध्याकाळी पोचला. तोवर मेव्हणी दोनदा बसस्टॉपवर येऊन गेली होती. साडूने खोलीला चुना काढला होता आणि मुलांना वाळूवर रापणीचं मोठं जाळं ओढताना दाखवायचं मच्छीमारांशी ठरवून ठेवलं होतं. हे मला पुढे कळलं.

दोन वर्षांनी त्यांच्याकडे मुंजीला गेलो. जाऊन त्याच दिवशी परत, म्हणून कौल लावायचा प्रश्न नव्हता. घरात शिरलो आणि आत अंधार वाटला. त्यांच्या मधल्या खोलीला पश्चिमेला एक दार होतं. त्यातून माडांमधून समुद्र दिसे आणि घरभर वारा खेळे. ते दार नव्हतं. तिथे चिऱ्यांची भिंत होती. मेव्हणीने मला बाजूला घेऊन सांगितलं. देवानं आपल्या सख्ख्या बहिणीला या घरात येऊ दिलं नाही याचा तिने ध्यास घेतला होता. एका भटाला विचारलं. त्याने घर फिरून बघितलं आणि पश्चिमेच्या दारावर बोट ठेवलं. साडूचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी बायकोचा जीव थाऱ्यावर येईना म्हणून त्याने स्वतः चिरे आणून दार बंद केलं. कामावरून आल्यावर त्याच दाराच्या पायरीवर बसून विडी ओढायची त्याची सवय होती.

तेव्हा सांगायला हवं होतं. घरात पाहुणे होते, मुंज होती, असं मी मनाला समजावलं. पुढच्या वर्षी समजावायला दुसरं काहीतरी होतं. मग घराचा दोष ही आमच्या नातेवाइकांत ठरलेली गोष्ट झाली. त्यांच्याकडे कोणी आजारी पडलं की मेव्हणी आधी त्या भिंतीकडे बघायची. आम्ही पुढे वस्तीला पुष्कळदा गेलो, बायकोने समुद्र पोटभर ऐकला. पण मी ज्या ज्या वेळी त्या मधल्या खोलीत झोपलो त्या त्या वेळी भिंतीकडे पाठ करून झोपलो. अशी तीस वर्षं गेली.

गेल्या वर्षी पुन्हा सुट्ट्या जोडून आल्या. आता मुलगा गाडी देतो, शिवोलीला पूल आहे, फेरीबोटीचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. तरी बायकोने कागद काढलाच. काय न्यायचं, गोळ्या कुठल्या डब्यात, वाटेत चहा कुठे. आणि मला म्हणाली, कौल तेवढा लावून या, मला पायऱ्या चढवत नाहीत. मी गेलो. जुन्या गुरवाचा मुलगा आता गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली. घरी येऊन मी तिला ते सांगितलं आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "त्या वर्षीसुद्धा उजवीच पडली होती."

ती कागद दुमडत होती. तो तिने अर्ध्या घडीवरच खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्याशी खोटं बोललात ते मी बघून घेईन. देवाच्या तोंडात घातलंत ते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पुलावर आल्यावर तिने मला बजावलं, सांगायचं तुम्ही, मी तोंड उघडणार नाही.

मी चहा व्हायच्या आधीच सांगितलं, नाहीतर चहानंतर पुन्हा राहिलं असतं. साडू आता ऐंशीच्या पुढे, कमी ऐकतो. त्याने मला दोनदा सांगायला लावलं.

"देवान उजवी दिल्ली?"

हो, म्हटलं.

"मागीर कित्याक?"

मग का, हे सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. मांडवातला तो विनोद मी त्याला सांगितला. तो कपाळाला आठ्या घालून आठवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हांवें अशें म्हणिल्लें?" आपण असं म्हटल्याचं त्याला काही आठवत नव्हतं. ज्या वाक्याशी मी इतकी वर्षं भांडत होतो ते त्याच्या डोक्यात एक दिवससुद्धा राहिलं नव्हतं. तेव्हा तोंड न उघडण्याचं ठरवलेल्या माझ्या बायकोने ते वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, आणि अजूनही बडबडतात, अशी पुस्ती जोडली. साडू इतका हसला की त्याला ठसका लागला.

मेव्हणी हसली नाही. ती म्हणाली, "तीस वर्षं मी या घराला बोल लावत होते." एवढंच. आणि स्वयंपाकघरात गेली. दुपारी इसवणाचं हुमण होतं, म्हणजे सुरमईचं कालवण. सगळ्यांना मधले तुकडे वाढले, माझ्या ताटात शेपटी. रात्री पुन्हा शेपटी. बायको खाली मान घालून जेवत होती, पण तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूने गवंड्याचा विषय काढला. दार उघडून घेऊ, खर्च मी करतो, असं मी म्हटलं. मेव्हणी म्हणाली, भिंतीला कोणी हात लावायचा नाही. त्या भिंतीला लावून तिने कधीच देव मांडले होते, समई तिथेच, तिच्या आईची तसबीर तिथेच. "वाऱ्यानं समई विझेल. राहू दे. दोष नाही एवढं मला कळलं, ते पुरे."

म्हणून दार अजून बंद आहे. बाहेरच्या अंगाला त्या दाराच्या तीन पायऱ्या मात्र तशाच आहेत, मागे भिंत आणि समोर समुद्र. संध्याकाळी साडू मला तिथे घेऊन गेला. घराला वळसा घालून जावं लागतं, आणि त्याला काठी लागते. आम्ही भिंतीला टेकून बसलो. तो कोंकणीत बोलत होता, मी मराठीत, आणि दोघेही त्या राजभाषेच्या कायद्याने कोणाचं काय भलं झालं यावर पुन्हा भांडत होतो. कोपऱ्यावरून मेव्हणी चहाचे कप घेऊन आली. तिच्या मागोमाग माझी बायको. मेव्हणीने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दोन पावलांवरचा चहा. तुमच्यापायी सगळ्या घराला फेरा पडतो." मी म्हटलं, मीच आत येऊन नेत जाईन. "न्याच," ती म्हणाली. मग साडूला काठी बाजूला घ्यायला लावून दोघी बहिणी खालच्या पायरीवर बसल्या.