डबल बेल

पायलटनी माझ्या नव्या गाडीत पहिल्या दिवशी काय केलं, तर काहीच केलं नाही. स्टिअरिंगसमोर बसले, पट्टा लावला, इंजिन सुरू केलं, आरसा नीट केला आणि समोर बघत बसून राहिले. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. मिनिटभर वाट पाहिली. एवढं लांब नाव कुठल्याच देवाचं नसतं, म्हणून शेवटी विचारलं, "काय झालं पायलट?"

"बेल," ते म्हणाले.

"कसली बेल?"

"बेल नाही तं गाडी नाही, भाऊ."

आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. नोकरी संपली, पण क्लचवरच्या पायाला ते कोणी कळवलं नव्हतं. मी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक केलं. गाडी निघाली. त्या दिवसापासून चार वर्षं मी माझ्याच गाडीचा कंडक्टर होतो.

मला गाडी चालवता येत नाही, असं नाही. येते. पण पन्नाशीत शिकलो, आणि कितपत शिकलो ते आमच्या घराच्या फाटकाला माहीत आहे. ते दोनदा नवं बसवलं, तेव्हा बायकोने पायलटना बोलावून आणलं. माझं मोटारपंपांचं दुकान नागपुरात, गिऱ्हाईक मात्र काटोल, नरखेड, सावनेरच्या शिवारात पसरलेलं. संत्र्याच्या बागांतून विहिरी बघत, बंद पडलेल्या मोटारींची गाऱ्हाणी ऐकत दिवसभर हिंडायचं. उन्हाळ्यात तर संध्याकाळी शर्ट काढला की तो उभा राहायचा, मी आडवा. अशा धंद्यात गाडी दुसऱ्याच्या हातात असणं ही चैन नव्हे, औषध होतं.

त्यांचं खरं नाव लायसन्सवर असेल. डेपोत त्यांना पायलट म्हणत, गल्लीत पायलट म्हणत, आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, फोनवर मलाच विचारायच्या, "पायलट जेवले का जी?" पायलट कधी घाई करत नसत. मी घड्याळ बघायला लागलो की म्हणत, "घाई त्याले, ज्याले पोचाचं नाही." हे वाक्य मी पुढे गिऱ्हाइकांना माझं म्हणून ऐकवत असे.

त्यांचं एकच व्यसन, आणि ते नागपुरात व्यसन म्हणून मोजत नाहीत: खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घ्यायचा आणि गालात बसवायचा. सकाळी निघताना एक, नाक्याच्या पुढे एक, काटोलला एक, असा त्यांचा रस्ताच किलोमीटरऐवजी पुड्यांत मोजलेला होता. दिवसाला सात. तोंड भरलेलं असताना ते हनुवटी आकाशाकडे करून बोलत. उंउं-ऊं म्हणजे पुढे रेल्वेचं फाटक बंद आहे, ऊंऊं-उं म्हणजे चहा घेऊ. बाहेरच्या माणसाला हे अवघड वाटेल, पण आमच्या गावात अर्धा व्यवहार याच भाषेत चालतो.

एकदा त्यांच्या घरी चहाला गेलो, तेव्हा ते हातपाय धुवायला आत गेल्याचं बघून वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गाडीत तरी खाऊ देऊ नका. घास मोठा झाला तं तोंडात जात नाही आता. माझं आयकत नाहीत, पोरीचं आयकत नाहीत."

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो. माझ्यावर सोडलेली कामं कशी होतात, हे त्यांनी आमच्या फाटकाला विचारायला हवं होतं.

मी काहीच केलं नाही. जे केलं ते गाडीने.

गाडीत एक स्क्रीन होता आणि स्टिअरिंगवर एक बटण. ते दाबलं की 'टिंग' असा आवाज व्हायचा आणि एक बाई हिंदीत म्हणायची, "कहिए, मैं सुन रही हूँ." मग तिला गाणं लावा, फोन लावा, एसी कमी करा, काहीही सांगावं. पायलटना पहिल्यापासून तिचा संशय. "ही बाई एकच बेल देते, भाऊ. एका बेलवर कोनी निघते का?" पण हात स्टिअरिंगवरून न काढता घरी फोन लागतो, याची त्यांना भूलही पडली. एका सकाळी त्यांनी बटण दाबलं, हनुवटी वर केली आणि गालातल्या गालात हुकूम सोडला.

"माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई," बाई म्हणाली.

पुन्हा हुकूम. पुन्हा माफी. पायलटचा चेहरा उतरला. "साऱ्या डेपोले समजे," ते कसंबसं म्हणाले, "हिले काहून समजत नाही?" त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, अख्खा खर्रा थुंकले, बाटलीच्या पाण्याने खळखळून चूळ भरली, परत येऊन बसले आणि नव्या नवरीशी बोलावं तसे म्हणाले, "बाई, घर पे फोन लगाओ जी."

तिने लावला. वहिनींचा 'हॅलो' गाडीभर घुमला. पायलट इतके खूश झाले की काय बोलायचं तेच विसरले. "काई नाई," म्हणाले, "तुमाले आवाज येऊन राहिला का, पाहून राहिलो."

मग त्यांना चटकच लागली. मिनिटामिनिटाला बाईशी बोलायचं असायचं, आणि दर वेळी आधी थुंकून चूळ. अर्धवट चघळलेला खर्रा टाकायला जीव होईना, म्हणून ते तो उशिरा घालू लागले. सातावर होते ते पाचावर आले, दोन महिन्यांनी तिनावर. वहिनींचा मला फोन आला, "भाऊ, काय जादू केली जी?" मी म्हणालो, "समजावून सांगावं लागतं, वहिनी." पायलट शेजारी बसले होते. त्यांनी स्टिअरिंगवर बोटाने एकदा टक केलं. एक बेल.

ही एक बेल माझ्यासाठी राखीव होती. मी गिऱ्हाइकापुढे थापा मारू लागलो की ती वाजायची. "ही मोटार तुमच्या नातवाला पुरेल, काकाजी," टक. "मी काल येणारच होतो," टक. मागे बसलेल्या माणसाला वाटायचं, पायलट गाण्याचा ताल धरून राहिलेत. आणि मी वेळीच थांबायचो. एकदा मात्र थांबलो नाही. नरखेडकडचे एक बागायतदार काकाजी मागे बसलेले, त्यांना विहिरीवर सोडायचं होतं. माझ्या अंगात आली हौस. म्हटलं, "काकाजी, आमची गाडी मेसेजही वाचून दाखवते." टक, वाजलं. मी बटण दाबलंच. 'टिंग.' दुकानातून आलेला ताजा मेसेज बाईने शुद्ध, खणखणीत आवाजात सगळ्यांना ऐकवला: तो नरखेडवाला कटकट्या म्हातारा आज भेटला की टळला?

काकाजी विहीर येईपर्यंत खिडकीतून बागा बघत राहिले. उतरताना म्हणाले, "भेटला म्हना." ते गेल्यावर पायलट इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. "भाऊ, मी बेल देल्ली होती. एका बेलवर थांबाचं असते."

त्या हसण्यात मला पहिल्यांदा दिसलं की त्यांचं तोंड पुरतं उघडत नाही. डोळे हसत होते, खांदे हसत होते, तोंड तेवढं अर्ध्यावर अडकलेलं. दिसलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

मग तो उन्हाळा आला. तसले दिवस देवाने कुणाला देऊ नयेत. पाणी खाली गेलेलं, मोटारी जळत होत्या, दर तासाला तीन फोन, आणि प्रत्येक फोन बाईला लावायला सांगण्यासाठी पायलट गाडी कडेला घेऊन उतरणार, थुंकणार, चूळ भरणार. मी थकलो होतो. उन्हाने, रस्त्याने, आपल्याच गोड बोलण्याने. काटोलच्या अलीकडे त्यांनी गाडी हळू करायला घेतली, तेव्हा मी म्हणालो, "थांबू नका पायलट. तोंडातलं तसंच असू द्या, मी सांगतो हिला." त्यांनी हनुवटी वर करून उंऊं-उं केलं, मी बाईला हिंदीत सांगितलं, एसी वाढला.

"आता कसं," खर्रा संपल्यावर ते म्हणाले. "कंडक्टर कामाले लागला."

मला त्याचा अभिमान वाटला, हे लिहायला हवं. मी गिऱ्हाइकांपुढे त्याचा खेळ करून दाखवायचो. पायलट तोंड भरून काहीतरी गुणगुणणार, मी त्याचं हिंदी करणार, बाई ऐकणार, मागचा माणूस हसून लोटपोट. दहा-दहा मिनिटं वाचत होती. ती मी कुठे खर्च केली, आज आठवत नाही. पावसाळा सुरू होईपर्यंत तिनाचे पुन्हा सात झाले होते.

त्या सुमारास वहिनींचा फोन आला. गाडीतच, स्पीकरवर. "भाऊ, खरं सांगा, खर्रा वाढला का जी?"

"छे हो," मी म्हणालो. "दोन-तीनच्या वर नाही."

मी पायलटच्या बोटाकडे बघत होतो. ते स्टिअरिंगवर होतं. ते हललं नाही. चार वर्षांत माझ्या तेवढ्या एका थापेला त्यांनी बेल दिली नाही.

दिवाळीनंतर गालातली जखम भरेना, तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी तोंडात घाला. पायलटची दीड गेली. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला, जणू लायसन्सची परीक्षा चुकली. मी घरी येऊन आरशासमोर माझी तीन बोटं घालून पाहिली. सहज गेली. आरशातल्या माणसाकडे मग बघवेना.

ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा गेला, जिभेचाही गेला. घरी आणायच्या दिवशी वहिनी स्वयंपाकाचं बघायला पुढे गेल्या होत्या. पायलट शेजारच्या सीटवर, स्टिअरिंगवर मी. हा प्रसंग बघायला आमचं फाटक हवं होतं. मी इंजिन सुरू केलं आणि बसून राहिलो. त्यांना कळलं. त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं. मी क्लच सोडला.

सदर भागातल्या सिग्नलवर थांबलो, तेव्हा त्यांनी हात लांबवून माझ्यासमोरचं बटण दाबलं. 'टिंग.' सवयीने त्यांची हनुवटी वर गेली, मग तोंडात काही नाही हे आठवलं असावं, ती त्यांनी खाली आणली. सावकाश, एकेक शब्द जुळवत ते काहीतरी बोलले.

"माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

पुन्हा बोलले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण पहिल्याच वेळी मध्ये पडायची हिंमत झाली नाही. उन्हाळ्यात मध्ये पडलो होतो, त्याचं फळ बाजूला बसलं होतं. तिसऱ्यांदा मात्र मी म्हणालो, "घर पे फोन लगाओ."

वहिनींनी उचलला. "हॅलो? पायलट? निघाले का जी?"

मी तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. मला तर तिन्ही बोटं जात होती. पायलटनी माझ्याकडे पाहिलं, आणि डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं.

"बरं, या," वहिनी म्हणाल्या. "भात मऊ केला."

माघात मी त्यांना शेवटचा भेटलो. बाजेवर होते. दुपार होती, उन्हाची तिरीप पायावर आली होती. वहिनी मला पाटावर बसवून म्हणाल्या, "बोला तुमी, त्याइले बरं वाटते." मग चहा ठेवायला आत गेल्या. मी बोललो. बोलणं हाच माझा धंदा. नव्या मोटारींचं सांगितलं, कटकट्या काकाजींनी दोन पंप नेले हे सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "संत्र्याचा बहार धरेपर्यंत उभे राहता पायलट. गाडी तुमची वाट बघते."

बाजेच्या लाकडावर बोट एकदा वाजलं.

मी थांबलो. मला वहिनींना आत जाऊन सांगायचं होतं की उन्हाळ्यात सात पुड्या होत्या, दोन-तीन नव्हत्या. मी उठलो. पायलटनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली, नको. मला वाटतं, तेवढी एक थाप त्यांना स्वतःबरोबर न्यायची होती. मी पुन्हा बसलो. चहा आला, तो प्यालो. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं झोप लागली. पण बोट हललं. टक, टक.

डबल बेलनंतर थांबायचं नसतं. मी वहिनींना नमस्कार केला, बाहेर आलो, गाडीत बसलो. पट्टा लावला, इंजिन सुरू केलं, आरसा नीट केला. निघालो असं घरी फोन करून सांगावं म्हणून बटण दाबलं.

'टिंग,' एकच. "कहिए, मैं सुन रही हूँ."

मी तसाच बसून राहिलो. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, आणि बाजूने निघून गेला.