ग्रेडरसाहेबांनी वाढवलेल्या ओळखी

कळंबला माझ्या घड्याळाच्या दुकानाशेजारी नीळकंठराव पांढरीपांड्यांनी २००६ साली गादीघर उघडलं, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. हा माणूस जन्मभर राळेगावकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. गाडीतून मूठभर कापूस काढायचा, चिमटीत धागा ओढायचा, नाक मुरडायचं आणि म्हणायचं, "ओला आहे. दुसरी प्रत." त्यांच्या तोंडून 'पहिली' ऐकलेला शेतकरी मला तरी भेटला नाही. पुढे कापसाची दैना झाली, केंद्र बंद पडलं, साहेब घरी बसले. आता त्यांच्या गाद्या घेणार कोण? ज्यांच्या कापसाला यांनी नाक मुरडलं, तेच!

पोळा झाला तरी एक उशीसुद्धा खपली नाही. त्यांच्या बायकोनं, सुचित्रावहिनींनी निकाल देऊन टाकला. "दसऱ्यापर्यंत एक तरी गादी विका, नाहीतर मंदारकडे पुण्याला चला." मुलाच्या फ्लॅटमध्ये, ओळखीचं कुत्रंही नसलेल्या शहरात जायचं म्हटलं की नीळकंठरावांना घाम फुटायचा.

तेवढ्यात यवतमाळला नव्या दुकानदारांचा मेळावा निघाला. त्यांनी मलाही ओढत नेलं. नागपूरचा चारुदत्त नावाचा टायवाला तरुण तिथे घसा फोडून सांगत होता, "माल विकू नका! आधी माणसाला भेटा. हातात हात घ्या. त्याच्या कामाबद्दल एखादा चांगला शब्द बोला." मग त्यानं सगळ्यांच्या जोड्या लावल्या. नीळकंठरावांच्या वाट्याला आला नेमसिंग आडे. त्यानं आपल्या बंजारा तांड्यावर मिरचीकांडप टाकलं होतं.

नीळकंठरावांनी त्याचा हात हातात घेतला आणि डोळे अर्धे मिटून अंगठ्यानं तळवा दाबून पाहिला. सवय, दुसरं काय! नेमसिंगनं कौतुकानं तिखटाची पुडी पुढे केली. यांनी चिमूट घेतली, चोळली आणि नाक मुरडलं. "ओल आहे. दुसरी प्रत."

नेमसिंग त्यांच्याकडे बघतच राहिला. "सायेब, तुमी राळेगावकडं होते ना? वळखलं म्या तुमाले. माही गाडी अशीच दुसरीत टाकलती तुमी."

हे ऐकून मागून एक उठला, मग दुसरा. त्या हॉलातले निम्मे नवउद्योजक म्हणजे कापूस सोडून झेरॉक्स, पिको-फॉल नि पाणीपुरीत शिरलेली माणसं. केंद्रावर गाड्या लागायच्या तशी त्यांची रांग लागली. जो तो येऊन नीळकंठरावांचा हात दाबून बघे, एखादं बोट ओढून बघे आणि म्हणे, "ओला हाय. उद्या आना." एका पापडवाल्या बाईंनी शर्टाची बाही हुंगून "कवडी हाय", म्हणजे किडका कापूस, असा शेरा मारला. नीळकंठराव हसतमुखानं प्रत्येकाला कार्ड देत होते. चारुदत्तला तर आनंदाचं भरतं आलं. "बघा, याला म्हणतात ओळखी वाढवणं!" मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सदाशिवराव, किती माणसं भेटली हो!" परतताना हे मलाच म्हणतात.

दसरा तोंडावर आला तसे ते ऑटोवर गादी बांधून नेमसिंगच्या तांड्यावर निघाले. मार खातील या भीतीनं मीही गेलो. नेमसिंगनं आम्हाला दारातच थांबवलं. "लाइन हाय." लाइनीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. उन्हं कलेपर्यंत आम्ही त्या लाइनीत उभे होतो. मी मनातून शिव्या घालत होतो.

शेवटी नेमसिंग आला. त्यानं गादीची शिवण उसवली, कापसाचा पुंजका काढून त्यांच्या हातात दिला. सगळा तांडा भोवती जमला. "बोला सायेब, कोनती प्रत?"

तो कापूस जिनिंगमधला झाडलोटीचा होता, मला ठाऊक होतं. नीळकंठरावांनी धागा ओढला. नाक मुरडायला लागलं होतं, ते त्यांनी कसंबसं आवरलं. "पहिली," ते म्हणाले.

तांडा खदखदून हसला. नेमसिंगही हसला. "घेतो गादी. पन आता माह्या त्या कापसाचंबी सांगा. खरं सांगा."

"पहिलीच होती," नीळकंठराव लगेच म्हणाले.

"मंग काहून नाई म्हनलं तवा?"

"पहिली म्हटलं की माणूस शेफारतो, असं वाटायचं. मी कुणालाच म्हणायचो नाही हो. तुम्हालाच असं नाही."

नेमसिंग चिडला असता तर बरं झालं असतं. तो तिथेच गादीवर बसला. "मले वाटलं, मले कापूसच पिकवता येत नाई," तो म्हणाला. "म्या वावर मक्त्यानं देऊन टाकलं ना सायेब." त्याची बायको जमनी दारात उभी होती, ती आत निघून गेली. कुणी हसत नव्हतं.

गादी खपली, पुणं टळलं. कळंबला ऑटोतून उतरताना नीळकंठरावांनी माझा दंड धरला.

"सदाशिवराव," ते म्हणाले, "पुण्याला गेलो असतो तर बरं झालं असतं."