पाय बघणारे काका

"तोंड सोडा, पाय बघा," असं म्हणून काका चष्मा कपाळावर सारायचे. वाचायला त्यांना चष्मा लागे, माणसं वाचायला लागत नसे.

परभणीत आमच्या घरापासून तीन घरं सोडून ते राहायचे. जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेला. तिथलं शहाणपण त्यांनी आम्हा पोरांना फुकट वाटलं. "साहेब 'बघतो' म्हणाले ना, की ते कुठं बघायलेत ते बघायचं. फायलीकडं बघत म्हणाले तर काम होतंय. घड्याळाकडं बघत म्हणाले तर पुन्हा जायचं. अन् आपल्याकडं बघून गोड हसले, तर अर्ज घेऊन सरळ घरी यायचं." तुम्हीही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या असतीलच. पडताळून बघा.

एकदा त्यांच्याबरोबर पिंगळीच्या स्टेशनात बसलो होतो. समोर गाडी लागली होती आणि एक गृहस्थ मेव्हण्याला निरोप देत होते. "दोन दिवस राहायचं की ओ, लय घाई तुमाला!" असं तोंडानं चाललेलं, आणि हातांनी मेव्हण्याची पिशवी कधीच खिडकीतून आत ढकललेली. काकांनी मला कोपरानं ढोसलं. "सांग बरं, राहा म्हणायलाय का जा म्हणायलाय?"

अशा माणसाला गल्ली सोडते थोडीच! कुणाच्याही घरी मुलगी पाहायचा कार्यक्रम असला, की भिंतीला टेकून काका बसलेले. त्यांचं म्हणणं असं, की तोंडाला आई शिकवून पाठवते, चेहऱ्याला पावडर असते, पायाला मात्र कुणी काही शिकवत नाही. पालमच्या एका स्थळाच्या वेळी मुलाची आई "आमाला काही नको, फक्त मुलगी द्या" म्हणत होती आणि तिची बोटं मांडणीवरच्या भांड्यांवरून फिरत होती. काकांनी चहा अर्धा ठेवला. अर्धा कप म्हणजे नकार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पाहुण्यांना वाटलं, साखर कमी पडली.

मग आमच्या रेखाची पाळी आली. रेखा माझी धाकटी बहीण. मुलगा जिंतूरचा, तिथल्याच शाळेत शिक्षक. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या मामांनी गंभीर आवाजात प्रश्न विचारले, रेखानं खाली मान घालून उत्तरं दिली. काकांची नजर सतरंजीवर. रेखाच्या पायाची बोटं आवळलेली, दोन्ही पावलं स्वयंपाकघराच्या दाराकडं वळलेली. काकांनी कप खाली ठेवला. अर्धा.

वडिलांनी पाहुण्यांना "कळवतो" म्हणून वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर नकार कळवला. पोरगी सुटली, असं आम्हाला वाटलं. पण सुटलेली पोरगी जेवेना. आईनं दृष्ट काढली, वडिलांनी सफरचंदं आणली. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि तडक काकांच्या घरी गेली. मी मागोमाग.

"काका, तुमी नाही काऊन म्हणालात?"

"पोरी, तुझे पाय आत पळायले होते की."

"हसू दाबायले होते मी!" रेखा रडकुंडीला आली. "त्या गुरुजींच्या मिशीला शेव लागली होती. मामा एवढं गंभीर बोलायले अन् इकडं यांच्या मिशीवर ती शेव हलायली. मी बघितलं ते त्यांना कळलं. पण त्यांनी पुसली न्हाई, मी हसावं म्हणून तशीच ठेवली. असा माणूस मला पुन्हा कुठं भेटायचा?"

काकांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पडलेला पाहिला.

"मग तोंडानं सांगायचं न्हाईस का, बाई?"

"विचारलं कुणी?"

चौकशी केली तर कळलं, जिंतूरची मंडळी रविवारी दुसरी मुलगी पाहायला जाणार होती. तो शनिवार होता. काकांनी टोपी घातली, मला घेतलं आणि पहिली मिळाली त्या एसटीत बसले. एरवी गाडीत बसले की सगळ्या प्रवाशांचे पाय वाचणारा माणूस जिंतूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

मुलाचे वडील कडक होते. "तुमचा तर नकार आलाय," ते म्हणाले. त्यांनी बसाही म्हटलं नाही.

काकांनी हात जोडले. "नकार पोरीचा न्हवता, माझा होता. मी चुकलो. तिला मुलगा पसंद हाय. तिनं तोंडानं सांगितलंय." मुलगा कोपऱ्यात उभा होता. सवयीनं काकांची नजर त्याच्या पायांकडं गेली. मी पाहिलं, त्यांनी ती निग्रहानं वर उचलली. "गुरुजी, तुमी सांगा. तुमाला पोरगी पसंद हाय का?"

"हाय," मुलगा म्हणाला. वडिलांकडं न बघता म्हणाला.

लग्न झालं. काका नंतरही स्थळं पाहायला जात, पण कपाची खूण त्यांनी बंद केली. आधी मुलीला आत गाठून विचारत, पाहुण्यांना ताटकळावं लागलं तरी विचारत. रेखा माहेरी आली, की पाठोपाठ काका हजर. सगळ्यांच्या देखत तिला विचारायचे, "सुखात हायेस का, बाई?" ती "हाय, काका" म्हणेपर्यंत चहाला हात लावत नसत. आम्ही चिडवायचो, "अहो काका, तिच्याकडं बघून दिसत नाही का?"

"दिसतंय," ते म्हणायचे. "म्हणूनच तर विचारायलो."

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. आजारी पडले नाहीत, कुणाला धावपळ करू दिली नाही.

दिवाळीला रेखा आली. लेकरं अंगणात पळाली. तिनं पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि दाराकडं तोंड करून बसून राहिली. आई फराळाचं काढत होती, वडील पेपरात होते. रेखा ठणठणीत दिसत होती, साडी नवी होती. काय विचारायचं ते मला ठाऊक होतं, पण सख्ख्या बहिणीला असं विचारताना जीभ जड होते. मी म्हणालो, "गाडीला गर्दी होती का?"

ती हसली. मग तिचे डोळे भरले.

"दादा, हे विचारायचं असतंय का?"

मी उठलो, तिच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारलं.